नागपुरात फॉस्टर पालक व्हायचं असेल तर

कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी घरातल्या सगळ्यांशी एकदा मोकळं बोलून घ्या. फॉस्टर केअर म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं, दत्तक नव्हे. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाचे आईवडील असू शकतात, ते ठरावीक दिवशी भेटायला येऊ शकतात आणि त्यांची परिस्थिती सुधारली की मूल परतही जाऊ शकतं. जीव लावायचा आणि हक्क सांगायचा नाही, हे आजीआजोबांसकट सर्वांना पटलं तरच पुढे जा.

आता पात्रता. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही अर्ज करता येतो. हा बदल फार गरजेचा होता. एकट्यांसाठी किमान वय 35. जोडप्याचा किमान 2 वर्षांचा स्थिर संसार हवा आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान 70. एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवत नाहीत. मुलं साधारण 6 वर्षांवरचीच असतात, म्हणजे स्वतःच्या आठवणी आणि सवयी घेऊन येणारी.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून करा. ओळख, पत्ता, उत्पन्न, लग्नाची नोंद यांचे पुरावे लागतात. घरातल्या सर्वांची वैद्यकीय तपासणी आणि पोलीस पडताळणीही होते. वैद्यकीय तपासणी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत करायची की खासगी डॉक्टरकडे, हे आधी कक्षात विचारा, हेलपाटा वाचेल.

मग गृहभेट. लोक याच दिवसाला घाबरतात आणि घर चकाचक करून ठेवतात. बघायचं असतं वेगळंच: मूल कुठे झोपेल, दुपारी घरी कोण असतं, शाळेत नेणार-आणणार कोण, स्वतःच्या मुलांना हे मान्य आहे का. डोक्यावरचं कर्ज, जुनं आजारपण, काहीही लपवू नका.

अहवाल बाल कल्याण समितीकडे जातो. समिती मुलाचं म्हणणंही ऐकते, भावंडं असली तर त्यांना एकत्र ठेवायचा प्रयत्न करते आणि मगच आदेश काढते. तुम्हाला हमीपत्र द्यावं लागतं. पुढे नियमित पाहणी होत राहते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत मुलामागे दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. ते मुलासाठी आहेत, घरखर्चाच्या हिशेबात धरू नका.

मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं, तर 2 वर्षांच्या सांभाळानंतर त्याच कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. पण मूल मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर लगेच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.