खिडकीची फट बुजवताय? या चुका टाळा

डिसेंबरात पुण्याचा पारा 10 अंशांच्या आसपास घुटमळू लागला, की पेठेतल्या जुन्या घरांत खिडक्यांच्या फटीत चिंध्या आणि वर्तमानपत्रं कोंबायला सुरुवात होते. पण ती फट बहुतेकदा जुलैतच पाडून ठेवलेली असते. पावसाळी हवेत लाकडी झडप फुगते, लागेनाशी होते, आपण सुताराला बोलावतो आणि तो रंधा मारून देतो. थंडीत लाकूड आकसलं की वारा सरळ आत. आमच्या माजघराच्या खिडकीचं वाटोळं मी असंच केलंय.

झडप घासत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा. भोकं सैल झाली असतील तर गुल काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉल लावून त्यात ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पुन्हा पिळा. पुष्कळदा एवढ्यानंच काम भागतं. रंधा लागलाच, तर दिवाळीनंतर.

वारा नेमका कुठून येतो हे न बघता फटीत चिकटवायची फोम टेप आणणं ही पावसाळ्यात रंधा मारण्याच्या खालोखालची चूक. पंखा बंद करून, पडदे बाजूला सारून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेनं सावकाश फिरवा. धूर वाकेल तिथे फट. कधी कधी झडप बिचारी निर्दोष निघते. चौकट आणि भिंत यांच्यामधला गिलावा सुटलेला असतो. तिथे टेप काय करणार? सुटं खरवडून सिलंट, म्हणजे फट भरायची पेस्ट, भरा. वर रंग द्यायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. भिंत जुनी, चुन्याची असेल तर त्यावर सिमेंट थापू नका. मऊ चुन्याशी त्याचं जमत नाही आणि ओल आत अडकते.

फोम टेप ‘जाड तितकी बरी’ नसते. कणकेची गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फटीत ठेवा, खिडकी लावा, उघडा आणि चपटी झालेल्या गोळीची जाडी मोजा. 3 मिमी भरली तर 5 मिमीची टेप पुरे. 10 मिमीची लावलीत तर कडी बसत नाही, मग आपण खांद्यानं रेटतो, की बिजागरी पुन्हा सैल. टेप लावण्याआधी चौकटीवरची धूळ आणि तेलकटपणा पुसून काढा, नाहीतर चार दिवसांत ती लोंबायला लागते.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत वारा येतो तो झिजलेल्या केसाळ पट्टीतून. ती बदला. ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं असलेली बारीक भोकं मात्र बुजवू नका; पावसाचं पाणी तिथूनच जातं.

आणि गॅस गीझर असलेल्या बाथरूमचा झरोका कितीही गार वारा आला तरी बंद करायचा नाही. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गरगरायला लागेपर्यंत कडी काढायचीही ताकद उरत नाही. गीझर बाहेर हलवून घ्या, आणि तोवर कुडकुडत अंघोळ करा.