बांधकाम परवानगीची फाइल टाकण्याआधी रस्ता मोजा

जुना बंगला पाडून नवा बांधायचा असो की मोकळ्या प्लॉटवर पहिलं घर, एलिव्हेशन (घराचं दर्शनी रूप) ठरवायच्या आधी दारापुढचा रस्ता मोजा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती, नाशिकलाही लागू झाली. तिच्यात किती बांधता येईल हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीबाहेर रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर १.१० या मूळ एफएसआयवरच (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) थांबावं लागतं. पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. ९ मीटर भरले की तोच प्लॉट २.०० पर्यंत जातो. आपल्या जुन्या ले-आउटमध्ये सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते गल्लोगल्ली आहेत, म्हणून हे नाशिककरांना आधी सांगावंसं वाटतं.

टेप घेऊन स्वतः जा, पण नुसतं डांबर मोजू नका. समोरासमोरच्या कंपाउंड भिंतींमधलं अंतर घ्या, दोन-तीन ठिकाणी घ्या, कुणी पायऱ्या किंवा बाग पुढे ओढली असेल तर तेही टिपून ठेवा. मग तो आकडा मंजूर ले-आउटशी आणि नगररचना विभागाच्या भाग नकाशाशी (विकास आराखड्याचा आपल्या भागापुरता नकाशा) ताडून पाहा. जागेवर साडेसात आणि विकास आराखड्यात १२ असेल, तर रुंदीकरणात आपली किती जागा जाते आणि तिचा मोबदला कोणत्या रूपात मिळतो हे तेव्हाच विचारा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली तुमच्या गल्लीची रस्तारेषा (रस्त्याची अधिकृत हद्द) ठरली आहे का, हेही विचारून घ्या. शक्य असेल तर शेजाऱ्यांना बरोबर न्या. एकाच घराने जागा सोडली तर गल्ली रुंद होत नाही.

त्याच खेपेला झोन दाखल्याचा अर्ज टाका. शहराचा सध्याचा आराखडा २०१७ साली मंजूर झाला. गट निवासी विभागात आहे की आरक्षणात, (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेला), हे एजंटच्या तोंडून नव्हे तर दाखल्यावर वाचा. आरक्षण निघालंच तर लगेच खचू नका. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या (एमआरटीपी) कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या नाहीतर मोकळी करा अशी नोटीस, बजावता येते. त्यासाठी वकील मात्र या कामातला जाणकार हवा. जागा गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाला असेल तर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर आखून घ्या. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाचा विचार सोडून द्या. निळी आणि लाल यांच्या मधे अटी पाळून परवानगी मिळते. २००८ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत किंवा देवळाली कॅन्टोन्मेंटमध्ये जागा असेल तर परवानगी देणारं कार्यालयच वेगळं. पालिका हद्दीबाहेर असाल तर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे चौकशी करा.

कागदांत सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी हवी, फेरफारासह. वडिलांच्या नावाखाली आत्या आणि बहिणींची नावं लागलेली असतात; सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र आधीच जमवा. फाइली अडतात त्या बहुतेक इथेच. मोजणीची ‘क’ प्रत, मंजूर ले-आउट, असेल तर एनएचा (बिगरशेतीचा) आदेश आणि घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्याही लावाव्या लागतात. प्लॉटवर झाड असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी घ्या आणि शक्य तिथे नकाशाच झाडाभोवती वळवा.

प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर यूडीसीपीआरने वाट बरीच सोपी केली आहे: नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. १५० ते ३०० मध्ये आर्किटेक्टच्या दाखल्यावर १० दिवसांत परवानगी द्यायची आहे. हे माहीत नसल्यामुळे छोट्या घरवाल्यांना उगीच हेलपाटे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

नकाशा हाती आला की ‘पी-लाइन’, म्हणजे मजल्याच्या बांधकामाची बाहेरची कड दाखवणारी रेषा, दाखवायला सांगा. बाल्कनी, जिना, पॅसेज आता तिच्या आत मोजले जातात आणि त्याबदल्यात निवासी इमारतीला प्रीमियम भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय मिळतो. कपाटांची जागा एफएसआयमध्ये धरायची की नाही, या वादात आपल्या शहरातल्या कित्येक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते आणि झळ फ्लॅट घेणाऱ्यांना बसली. म्हणून प्रत्येक कोपरा मोजणीत कुठे धरलाय ते आर्किटेक्टकडून लिहून घ्या.

अर्ज दिल्यावर एमआरटीपीच्या कलम ४५ प्रमाणे निर्णयाला ६० दिवस असतात, पण त्रुटी निघाली तर हे दिवस तुमच्या उत्तरापासून मोजले जातात. सगळ्या त्रुटींचं उत्तर एकदम द्या. नकार आला तर त्याच कायद्याच्या कलम ४७ खाली अपिलाला ४० दिवस आहेत.

नियमावलीत शासन अधूनमधून फेरबदल करतं, म्हणून आर्किटेक्टकडे ताज्या दुरुस्त्यांसह प्रत आहे का ते पाहा. आराखड्यातल्या फेरबदलाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की हरकतींची मुदत महिनाभराची असते. आपला गट त्यात आहे का ते लगेच पाहा. हरकतीत सर्व्हे नंबर लिहा, नकाशाचा तुकडा जोडा, आवक क्रमांकाची पोहोच घ्या आणि सुनावणीचं पत्र येईल तेव्हा स्वतः हजर राहा.