टणक, पळत्या गोल्फ कोर्सवर कसं खेळावं

पुण्यात मे महिन्यातली सकाळ. ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत, १४० यार्डांवर, झेंडा बरोबर मधोमध. मी नेहमीचं ८ नंबरचं आयर्न काढलं (आयर्न म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब, नंबर वाढला की अंतर घटतं). फटका मनासारखा बसला, बॉल थेट झेंड्याच्या अंगावर गेला, एक टप्पा घेतला आणि ग्रीन ओलांडून मागच्या झुडपात शिरला. बॅग उचलणारा कॅडी झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या अलीकडच्या गवताकडे बोट दाखवत म्हणाला, "साहेब, जमीन तापलीय. तिथं टाका, पुढं तो आपणहून पळतोय."

टणक कोर्सवरचा सगळा खेळ त्या एका वाक्यात आहे. बॉल पडल्यावर तिथे फटका संपत नाही, त्याचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. तो अर्धा भागही आपणच ठरवायचा असतो. कसा ते सांगतो.

आधी जमीन ओळखा

टणक कोर्स म्हणजे दुर्लक्षित कोर्स, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे, पिवळट-तपकिरी दिसतात आणि तरीही ते उत्तम राखलेले असतात. खाली वाळू आहे, पाणी झरझर खाली उतरतं, वर फेस्क्यूसारखं बारीक, काटक गवत आहे. माळी मोजूनच पाणी देतात. त्यामुळे बॉल रुतत नाही, पळतो. हिरव्यागार, ओलसर मैदानाची सवय झालेल्या खेळाडूला हे आधी उजाड वाटतं. दोन-तीन होल खेळल्यावर कळतं की इथे पायाखालची प्रत्येक खळगी कामाची आहे.

टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेच्या, निदान ४५ मिनिटं आधी पोहोचा. ड्रायव्हिंग रेंजवर घाम गाळण्यापेक्षा हा वेळ प्रॅक्टिस ग्रीनवर घालवा. सुरुवातीला होलकडे बघूच नका. दहा पावलांवरून चढावर चार-पाच आणि उतारावर चार-पाच बॉल सोडा आणि कुठे थांबतात ते पाहा. मग २०-२५ यार्डांवरून दोन-तीन चिप, म्हणजे छोटे उडते फटके, मारा. बॉल पडल्यावर खळगा उमटतो की नुसता पुसटसा डाग पडतो? टप्प्याचा आवाज भदकन येतो की टणकन? खळगा नाही आणि आवाज टणक, तर आज नेहमीची अंतरं विसरायची.

एक नियम ध्यानात असू द्या. होल खेळताना ग्रीनवर हात घासून किंवा बॉल घरंगळवून वेग तपासायला मनाई आहे. होल संपल्यावर, पुढचं सुरू करण्याआधी, त्याच ग्रीनवर एखादा पट, म्हणजे घरंगळता फटका, मारून बघता येतो. मात्र त्यासाठी मागच्या गटाला ताटकळत ठेवू नका.

होलचा विचार मागून पुढे करा

मऊ कोर्सवर ग्रीनपर्यंत कोणत्याही बाजूने जा, बॉल पडला की थांबतो. टणक कोर्सवर बाजूला फार किंमत असते. झेंडा उजवीकडे बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, मागे असेल, तर उजवीकडून येणाऱ्याला बंकरवरून बॉल उडवून लगेच थांबवावा लागतो, आणि नेमकं तेच इथे जमत नाही. डावीकडून येणाऱ्याला ग्रीनचं तोंड मोकळं मिळतं, तो बॉल जमिनीवरून आत घालू शकतो. म्हणून टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: आज झेंडा कुठे आहे आणि ग्रीनचं उघडं तोंड कोणत्या बाजूला आहे? ड्राइव्हची, म्हणजे टीवरच्या पहिल्या लांब फटक्याची, दिशा त्यावरून ठरते.

ओल्ड कोर्सवर चौदा होलना मिळून सात जोडग्रीन आहेत, स्वतःचं वेगळं ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला आहे. जोडग्रीन एवढी अवाढव्य आहेत की चुकीच्या बाजूला पडलात तर तीस-चाळीस पावलांचा पट समोर येतो. तिथे नुसतं ग्रीन गाठून भागत नाही.

टीवरून: ड्रायव्हरचा मोह आवरा

२००६ साली इंग्लंडमधल्या हॉयलेकला ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा झाली, तेव्हा उन्हाने मैदान भाजून निघालं होतं. टायगर वुड्सने चार दिवसांच्या ७२ होलमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, फक्त एकदा वापरला. बाकी टीवरून लांब आयर्न आणि ३ नंबरचं वुड. बॉल पडून इतका पळत होता की अंतराची चणचण नव्हती, फेअरवेवरचे बंकर मात्र टाळायचे होते. तो १८ अंडरने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १८ कमी घेऊन, जिंकला.

आपल्यासाठी हिशेब असा. तुमचा ड्राइव्ह हवेत २०० यार्ड जातो आणि एरवी १५ यार्ड पळतो असं समजा. टणक फेअरवेवर तो ४० यार्डही पळू शकतो. म्हणजे २३५ यार्डांवरचा जो बंकर तुमच्या गावीही नसतो, तो आज बरोबर टप्प्यात येतो. शिवाय लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या, कोर्सच्या बंकरभोवतीची जमीन आत उतरती असते. बॉल बंकरपासून पाच-सहा यार्डांवरून चालला असला तरी वळून आत जातो. बंकर नकाशात दिसतो त्यापेक्षा मोठा धरा. एक क्लब कमी घेऊन त्याच्या अलीकडे राहा.

ग्रीनकडचा फटका: आधी टप्प्याची जागा

इथे सगळ्यात जास्त फटके वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, झेंड्याचं अंतर देतो आणि आपण त्याच आकड्याचा क्लब काढतो. टणक कोर्सवर हा आकडा घेऊन त्यातून पळ वजा करा. झेंडा १४० यार्डांवर आहे आणि सकाळपासून तुमचे मधले आयर्न पडल्यावर साधारण १५-१८ यार्ड पळताहेत, तर टप्पा १२२-१२५ यार्डांवर हवा. आता नजर झेंड्यावरून काढा आणि १२५ यार्डांवरची खूण शोधा: एखादा उंचवटा, गवताचा वेगळा पट्टा, स्प्रिंकलरचं झाकण. तिथेच मारायचं. झेंड्याकडे परत बघितलं की हात आपोआप जोर लावतात, हे मी अनेकदा अनुभवलंय.

खूण ठरवण्याआधी ती जागा कोणत्या बाजूला उतरते ते पाहा. पुढे उतरत असेल तर टप्पा आणखी अलीकडे. समोर चढ असेल तर बॉल तिथे आपटून मरतो, तेव्हा चढाच्या माथ्यावर तरी टाका किंवा त्याच्या बऱ्याच अलीकडे, जेणेकरून तो घरंगळत वर चढेल. आडवा उतार असेल तर बॉल जिथे ढकलला जाणार त्याच्या उलट बाजूला नेम धरा.

वारा पाठीवर असेल तर पळ आणखी वाढतो, कारण बॉल चपट्या कोनातून पडतो आणि त्याची फिरकीही कमी पडते. समोरचा वारा उलट मदत करतो, बॉल उभा पडतो.

बॉल खालून न्यायचा तर जोर वाढवू नका. एक-दोन क्लब जास्त घ्या, मूठ इंचभर खाली धरा, बॉल पायांच्या मध्यापेक्षा किंचित मागे ठेवा आणि तीन-चतुर्थांश स्विंग करून हात छातीच्या उंचीवर थांबवा. जोरात मारलं की फिरकी वाढते आणि बॉल वर चढतो. सावकाश मारलेलं ७ नंबरचं आयर्न जोरात मारलेल्या ९ नंबरपेक्षा इथे जास्त भरवशाचं.

हा डाव सगळीकडे चालत नाही. ओल्ड कोर्सच्या पहिल्याच होलवर ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन बर्न नावाचा ओढा आहे. तिथे अलीकडे टाकून पळवायची सोय नाही. ओढा हवेतून पार करायचा, बॉल ग्रीनच्या मागच्या भागात गेला तरी बेहत्तर, आणि दोन पट घेऊन पुढे जायचं. प्रत्येक होलवर आधी बघा की ग्रीनसमोर जमीन मोकळी आहे का.

ग्रीनच्या आसपास: पटर आधी, वेज शेवटी

टणक जमिनीवर बॉल बोडक्या जागेत बसतो, खाली गवताची गादी नसते. वेजच्या, म्हणजे बॉल उंच उडवणाऱ्या क्लबच्या, तळाला जो फुगवटा असतो, ज्याला आपण बाउन्स म्हणतो, तो मऊ जमिनीत क्लबला रुतू देत नाही. टणक जमिनीवर मात्र तोच फुगवटा आपटून उसळतो, पात्याची धार बॉलच्या पोटावर बसते आणि बॉल सणसणत ग्रीनपार जातो. वेज घ्यायचीच असेल तर कमी बाउन्सची घ्या. पण मुळात ती घ्यायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

माझा क्रम ठरलेला आहे. मधलं गवत बारीक कापलेलं असेल तर पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब. मध्ये थोडं जाड गवत असेल तर ७ किंवा ८ नंबरच्या आयर्नने पटसारखाच छोटा फटका, बॉल जरासा उडतो आणि बाकी घरंगळतो. मध्ये बंकर असेल आणि वळसा घालून जाण्यासारखी वाटच नसेल, तरच वेज.

वळसा घालणं म्हणजे काय, ते २०२२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी दिसलं. सतराव्या होलवर ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथचा बॉल ग्रीनच्या अलीकडे राहिला. त्याच्या आणि झेंड्याच्या मधे रोड बंकर, ओल्ड कोर्सवरचा बहुधा सगळ्यात धास्तीचा खड्डा. ग्रीनच्या पलीकडे रस्ता आणि दगडी भिंत. बंकरवरून उडवलेला बॉल जरा लांब गेला असता तर रस्त्यावर, आखूड पडला असता तर बंकरमध्ये. स्मिथने पटर काढला, बॉल बंकरच्या कडेकडेने चढावर वळवत ग्रीनवर नेला, राहिलेला दहाएक फुटांचा पट घातला आणि पार, म्हणजे त्या होलचे ठरलेले फटके, वाचवला. त्या दिवशी त्याने ६४ फटक्यांत फेरी संपवली आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. मला त्या दिवसातला तोच फटका सर्वांत देखणा वाटतो.

ग्रीनवर: चढाचा पट मिळवा

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी हौशी गोल्फरला १९३५ च्या यू.एस. ओपननंतर ही कल्पना सुचली, आणि १९७८ पासून अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने हे साधन कोर्सच्या देखभाल करणाऱ्यांना दिलं. खाच असलेली ३ फुटी पट्टी, तिच्यावरून बॉल सोडायचा आणि तो किती फूट जातो ते मोजायचं. रोजच्या खेळात ८-९ फूट म्हणजे ठीकठाक वेग, ११ च्या पुढे गेलं की ग्रीन निसरडं वाटायला लागतं.

वेगवान ग्रीनवर बॉल हळू सोडावा लागतो, त्यामुळे उताराला त्याला ओढायला जास्त वेळ मिळतो. म्हणून नेहमी धरता त्यापेक्षा जास्त वळण धरा. लांबच्या पटला बॉल घालायचा प्रयत्न करू नका, होलच्या खालच्या बाजूला तीन फुटांत आणून ठेवा, म्हणजे पुढचा पट चढाचा येतो. उताराच्या पटला मी मूठ खाली धरतो आणि पटर मागे कमी नेतो. झटका देऊन मध्येच हात आवरणं सगळ्यात घातक. झेंडा होलमध्येच ठेवून पट मारायला २०१९ पासून परवानगी आहे, उतारावर तो सोबतीला असलेला बरा.

आपल्याकडच्या अनेक ग्रीनवर बर्म्युडा गवत असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं कूळ. ही पाती एका दिशेने झुकून वाढतात. बॉलमागे उभं राहून होलकडे पाहा: गवत चकाकताना दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकली आहेत, बॉल जास्त पळेल. गर्द दिसलं तर पाती तुमच्याकडे आहेत, थोडा जोर लावा. स्कॉटलंडच्या बारीक गवतावर ही खूण फारशी उपयोगी नाही, तिथे उतार आणि वारा बघा.

वाऱ्याबद्दल एक नियम माहीत हवा. २०१५ साली सेंट अँड्र्यूजला शनिवारी वाऱ्याने बॉल ग्रीनवर आपोआप हलू लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबला. तुमचाही बॉल हलला तर? एकदा उचलून परत ठेवलेला बॉल वाऱ्याने हलला तर तो मूळ जागी परत ठेवायचा. उचलण्याआधीच हलला तर नव्या जागेवरून खेळायचं. दोन्ही वेळी दंड नाही.

बंकरमध्ये पडलात तर

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत, काहींच्या भिंती माणसाच्या छातीएवढ्या उभ्या. पुढे जायचा हट्ट धरू नका. बाजूला किंवा मागे बॉल काढा, एक फटका द्या आणि सुटा. १९२१ साली अकराव्या होलच्या बंकरमध्ये फटक्यांमागून फटके घालवून अमेरिकी गोल्फर बॉबी जोन्सने स्पर्धाच सोडली होती. १९२७ मध्ये त्याच मैदानावर तो ब्रिटिश ओपन जिंकला.

सराव कुठे आणि कसा

महाराष्ट्रात पावसाळ्यात हा खेळ शिकता येत नाही, बॉल पडतो तिथेच रुतून बसतो. मार्च ते मे हे आपले महिने. सकाळी लवकर दव असतं, ऊन जरा चढल्यावर जा. सोबत दोन जुने पंचे घ्या. कमी वर्दळीच्या वेळी, परवानगी घेऊन, एखाद्या ग्रीनच्या अलीकडे एक पंचा पाच पावलांवर आणि दुसरा पंधरा पावलांवर अंथरा. ८०, १०० आणि १२० यार्डांवरून प्रत्येकी दहा बॉल मारा, नेम फक्त पंच्यांवर. पंच्याजवळ पडलेला प्रत्येक बॉल पुढे किती पावलं गेला ते मोजून वहीत लिहा, क्लबनिहाय, आणि त्या दिवशी वारा कुठून होता तेही. मे महिन्याच्या अखेरीस ती वही बॅगच्या पुढच्या कप्प्यात असू द्या.