नागपुरातून समुद्रकड्यावर: कोकणातला चढणीचा फेरा कसा करावा

मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्याला डिसेंबरातल्या कोकणचे 32 अंश म्हणजे काहीच नाही, हा नागपुरातला लाडका समज. तो पहिल्याच चढावर मोडतो. का मोडतो ते घरातल्या कूलरला विचारावं. मेमध्ये ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं म्हणून खोली गार होते. जुलैत तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. अंगाचंही तसंच आहे. इथल्या कोरड्या उन्हात घाम दिसायच्या आत वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. समुद्राकाठी तो ठिबकत राहतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, गारवा मिळत नाही. म्हणून तिथला सगळा हिशेब वेगळा मांडायचा.

आधी पायांचं बघू. समुद्रकाठच्या फेऱ्यात एकच मोठी चढण सहसा नसते. पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) जंगलातल्या घाटीनं, म्हणजे चढणीच्या वाटेनं वर, सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) पलीकडे, खाली वहाळात (ओढ्यात), पुन्हा वर, असं चालतं. उंची किरकोळ वाटते, पण 8 किलोमीटरच्या फेऱ्यात चढ मिळून 400 मीटर सहज भरतात. इमारतीचा एक मजला 3 मीटरचा धरला तर हे सव्वाशेहून जास्त मजले झाले. सपाट नागपुरात रोज अंबाझरीला चालून ही तयारी होत नाही. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन दिवस जिने चढा. 15 मजल्यांपासून सुरुवात करून 60 पर्यंत न्या, पाठीवर 5 किलो घेऊन. उतरताना लिफ्ट घेऊ नका. मांड्या भरून येतात त्या उतारानं, आणि नेमका तोच सराव लोक टाळतात. रविवारी रामटेकला अंबाळा तलावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी गडावर दोन-तीन खेपा केल्या तर उत्तम. पचमढीला चौरागड किंवा नागद्वार करून आलेल्यांना दम कमी पडणार नाही, पण दमट हवेची सवय त्यांनाही नसते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरतं आणि कड्याची वाट घसरगुंडी होते. रात्रभर गाडीत बसून आल्या आल्या चढायला लागू नका. एक दिवस गावात काढा, संध्याकाळी तासभर चाला.

आता भरती-ओहोटी, कारण फेऱ्याचा एखादा तुकडा खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यावरून) जात असेल तर वेळ ठरवणारा समुद्र असतो, आपण नाही. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग हे याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. देवळापासून पायऱ्यांनी टेकडीवर, मग दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून खाली, आणि पुढे समुद्राला खेटून खडकांवरून परत. अंतर थोडं, पण हा मार्ग ओहोटीचाच. भरतीत तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. कोकणातला जुना आडाखा लक्षात ठेवा: पक्षातली तिथी गुणिले पाऊण म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या पुढे येते, शिवाय उधाणाची. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

यावरून एक सोयीची गोष्ट निघते. द्वितीया-तृतीयेला भरती दुपारी दीड-दोनच्या सुमारास असते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या आसपास. उधाणाचे दिवस असल्यानं पाणी मागेही खूप हटतं. खडपाचा तुकडा सकाळी उरकायचा तर हेच दिवस बरे. आडाख्यात पाऊण-एक तासाची चूक धरा आणि बंदराच्या भरती-कोष्टकाशी ताडून घ्या. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडपावर उतरा, तासभर नंतर बाहेर पडा. भरती सारख्या वेगानं चढत नाही: पहिला तास सुस्त, मग तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी येतं. फसतात ते याच टप्प्यात. ओल्या काळ्या दगडावर पाय ठेवू नका, आणि कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेल्या दगडावर हात टेकू नका, ब्लेडसारखी कापतात.

खडप नसेल तर दिशा गुडघ्यांवरून ठरवा: उभी घाटी चढायला, सौम्य वाट उतरायला. सकाळच्या गारव्यात जंगलातली चढण संपवली की उघडा सडा नऊच्या आत ओलांडता येतो. सड्यावर झाड नाही, आणि जांभा तव्यासारखा तापतो.

वेळेचा हिशेब: ताशी 3 किलोमीटर, आणि दर 300 मीटर चढाला एक तास जास्त. आपल्या 8 किलोमीटर आणि 400 मीटर चढाच्या फेऱ्याला चार तास होतात, विसाव्याचा एक धरून पाच. कोकण आपल्यापेक्षा सहा रेखांश पश्चिमेला आहे, तेव्हा उजाडायलाही पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो. नागपूरच्या घड्याळानं पहाटे निघालात तर घाटीत अंधारच असेल.

पाणी तासाला पाऊण लिटर, म्हणजे माणशी पावणेचार लिटर. त्यातल्या दीड-दोन लिटरमध्ये ओआरएस हवं. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. तहान वाढते आणि पोट बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं गरगरतं. सोबत कुणाला शहारे येऊ लागले, बोलणं अडखळलं, पाय लटपटले तर चालणं तिथेच थांबवा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. बरळू लागला तर थेट दवाखाना.

उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळायची आपली सवय इथे सोडा. ओला दुपट्टा नाकाशी आला की श्वास कोंडतो. रुंद काठाची टोपी घाला. जीन्स नको, पटकन वाळणारी पूर्ण पँट घाला. जंगलात खाजकुइली आणि करवंदीच्या काट्यांना तीच उपयोगी. पुळण ओलांडली की बूट झाडा. दोन वाळूचे कण तासाभरात फोड आणतात.

वाट चुकते ती सड्यावर. गुरांच्या पायवाटा दहा दिशांना फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. निघताना समुद्र डाव्या हाताला असेल, तर फेऱ्याच्या किनाऱ्याकडच्या भागात तो डावीकडेच राहायला हवा. उजवीकडे दिसला तर थांबा आणि मागच्या खुणेपर्यंत परत या. अर्धा वेळ संपून अर्धा फेरा झाला नसेल तर आलेल्या वाटेनंच मागे फिरा.

याच सड्यावरच्या दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो. वीतभर-हातभर, मातकट, सहज न दिसणारा. दगड उचलू नका, न बघता हात टेकू नका. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. अंगठी, कडं, बूट काढा, तो भाग हलणार नाही असा बांधा, चालवत न नेता उचलून न्या, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं हे निघण्याच्या आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवा.