केम्मू काळ (१३३३-३६) वाचायला घेताय? मग लढायांपासून सुरुवात करू नका

जपानी मध्ययुगातली ही जेमतेम तीन वर्षं, पण कामाकुराची लष्करी राजवट बुडणं, सम्राटानं स्वतः कारभार हातात घेणं आणि तो हातातून निसटणं, सगळं ह्यातच घडतं. बहुतेक जण थेट लढाया वाचायला घेतात आणि नावांच्या गर्दीत अडकतात. माझं ठाम मत आहे की हा काळ समजतो तो जमिनीच्या कागदांवरून, तलवारी नंतर.

पहिल्यांदा चारच नावं लिहून घ्या. सम्राट गो-दाइगो, ज्याला ओकी बेटांवर हद्दपार केलं होतं आणि जो १३३३ मध्ये तिथून निसटला. कुसुनोकी मासाशिगे, ज्यानं चिहाया किल्ल्यात मूठभर माणसांनिशी कामाकुराच्या फौजा अडकवून ठेवल्या. आशिकागा ताकाउजी, जो कामाकुराकडून लढायला निघाला आणि उलटून राजधानी क्योतोतल्या त्यांच्याच ठाण्यावर तुटून पडला. आणि नित्ता योशिसादा, ज्यानं खुद्द कामाकुरा घेतलं आणि तिथला कारभार चालवणाऱ्या होजो घराण्याची सत्ता संपवली. बाकीची नावं जशी येतील तशी येऊ द्या.

मग तारखा. जुन्या कागदांवर वर्षं दरबारानं दिलेल्या नावानं मोजलेली असतात, केम्मू हे असंच एक नाव. केम्मू वर्षात १३३३ मिळवायचे की इसवी सन आला, केम्मू १ म्हणजे १३३४. पण खरी मजा पुढे आहे, १३३६ मध्ये गो-दाइगोनं वर्षाचं नाव बदलून एन्गेन केलं आणि ताकाउजीच्या बाजूनं मात्र केम्मूच चालू ठेवलं, ते थेट १३३८ पर्यंत. म्हणजे एखाद्या कागदावर केम्मू ४ दिसलं तर तो कोणाच्या बाजूचा आहे हे नुसत्या तारखेवरून कळतं! वर्षाच्या शेवटाकडेही लक्ष ठेवा, महिने चांद्र आहेत, म्हणून केम्मू ३ चा बारावा महिना आपल्या कॅलेंडरनं जानेवारी १३३७ मध्ये जातो. गो-दाइगो क्योतो सोडून दक्षिणेकडच्या डोंगराळ योशिनोला निघून गेला ते ह्याच महिन्यात, त्यामुळे कुठे १३३६ लिहिलेलं दिसेल, कुठे १३३७, आणि दोन्ही बरोबर.

आता जमीन, इथे निवांत वेळ द्या. १२३२ च्या कामाकुरा कायद्यात नियम होता की २० वर्षं जमीन सलग ताब्यात असेल तर हक्क पक्का. गो-दाइगोनं ठरवलं की ताबा ग्राह्य धरायचा तर सम्राटाचा हुकूम हवा, त्याला रिंजी म्हणतात. झालं, गावोगावचे योद्धे कागद घेऊन क्योतोकडे धावले, काम इतकं तुंबलं की थोड्याच दिवसांत हा नियम मागे घेऊन होजोच्या बाजूचे सोडून बाकीच्यांचा ताबा आहे तसा मान्य करावा लागला. दाव्यांसाठी नवं कोर्ट काढलं, आधी चार विभाग, मग १३३४ मध्ये आठ, तरी पुरेना. त्याच वर्षी क्योतोत निजोच्या नदीकाठी एक निनावी टीका लावलेली सापडली, राजधानीत सध्या कशाची चलती आहे तर रात्रीचे हल्ले, दरोडे आणि खोट्या रिंजी. त्या यादीत खोटी रिंजी पहिल्याच ओळीत आहे, म्हणजे लोकांचा कागदावरचा विश्वास किती उडाला असेल बघा. लढून आलेल्या माणसाला बक्षीस म्हणून जमीन हवी होती आणि ती नीट मिळत नव्हती, ताकाउजीमागे इतके लोक का गेले ह्याचं मोठं कारण हेच.

हे डोक्यात बसलं की मॅप उघडा आणि १३३५-३६ चा प्रवास बोटानं फिरवा. होजोच्या वारसाचं बंड मोडायला ताकाउजी परवानगी न घेता कामाकुराला जातो, परत यायला नकार देतो, मग क्योतो घेतो, हरतो, क्यूशूला पळतो, तिथे फौज जमवून काही महिन्यांत परत येतो आणि मिनातोगावाच्या लढाईत मासाशिगे मरतो. ह्यात पाठ करण्यासारखं काही नाही, दिशा कळल्या की पुरे.

शेवटी दोन बखरी शेजारी ठेवून वाचा, ताइहेइकी आणि आशिकागांच्या बाजूची बाइशोरॉन. दोन्हीत मासाशिगे सम्राटाला सल्ला देतो आणि तो मानला जात नाही, पण सल्ला वेगळा आहे. ताइहेइकीत तो म्हणतो, क्योतो सोडून डोंगरावर जाऊ आणि शत्रूची रसद तोडू. बाइशोरॉनमध्ये तो म्हणतो, योशिसादाला सोडा आणि ताकाउजीशी समेट करा. कोणत्या बाजूला कोणता मासाशिगे सोयीचा होता हे दोन्ही उतारे वाचून स्वतः ठरवा.