एकच स्क्रीन कॉम्प्युटरला आणि टीव्हीलाही? या चुका टाळा

दिवसा काम आणि रात्री सिनेमा एकाच एलसीडीवर भागवायचा विचार चांगलाच आहे. घोळ होतो तो नुसते इंच बघून स्क्रीन घेतल्यामुळे. ३२ इंची टीव्ही टेबलावर आणला, दोन फुटांवर बसलो, की अक्षरांच्या तिरप्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. १९२०×१०८० पिक्सेल २४ इंचांच्या स्क्रीनवर असले तर एका इंचात साधारण ९२ बसतात. तेवढेच ३२ इंचांवर पसरले की ६९ उरतात. सोफ्यावरून हे कळत नाही, खुर्चीतून लगेच कळतं. म्हणून जवळ बसून वाचायचं असेल तर ३२ इंचाला किमान २५६०×१४४० आणि ४३ इंचाला फोर-के (३८४०×२१६०) हवंच. 'एचडी रेडी' टीव्हीचं पॅनल बहुधा १३६६×७६८ चं असतं, ते कॉम्प्युटरसाठी घेऊच नका.

स्क्रीन आधीच घेतली असेल आणि अक्षरं पुसट दिसत असतील, तर ती परत करण्याआधी सेटिंग बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

टास्कबार अर्धा कापला गेलाय का? मग टीव्ही ओव्हरस्कॅन करतोय, म्हणजे चित्र किंचित ताणून कडा बाहेर ढकलतोय. ताणल्यामुळे एकेक पिक्सेल जागेवर बसत नाही आणि सगळंच धूसर होतं. चित्राच्या आकाराच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडा. कॉम्प्युटरमध्येही रिझोल्यूशन पॅनलचं मूळ आहे तेवढंच ठेवा.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. काळी अक्षरं ठीक दिसतात, पण निळ्यावर लाल अक्षरं लिहून बघा: लाल रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. इथे टीव्ही रंगाची माहिती कमी करून घेत असतो. ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद असते. सिनेमात ते खपून जातं, बारीक अक्षरांत नाही. उपाय असा की कॉम्प्युटर जोडलेल्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार 'पीसी' करा. बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानं पूर्ण ४:४:४ रंग, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला रंगाची स्वतःची नोंद, मिळतो. फोर-के टीव्हीवर माउस अडखळत सरकत असेल तर पोर्ट आणि केबल तपासा. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीवर फोर-के सेकंदाला ३० फ्रेमच देतं, ६० साठी २.० लागतं, आणि टीव्हीची सगळी पोर्टं सारखी असतातच असं नाही.

काळा रंग राखाडी वाटतो, किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नाही? कॉम्प्युटर आणि टीव्ही यांतली एक बाजू काळ्या ते पांढऱ्यापर्यंतची पातळी ०–२५५ आणि दुसरी १६–२३५ धरून चालली आहे. दोन्हीकडे एकच ठेवा. अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल तर ती जाईपर्यंत शार्पनेस खाली आणा. टाइप केलेलं उशिरा उमटत असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा, त्यात चित्रावरची प्रक्रिया कमी होते.

मॉनिटर टीव्ही म्हणून वापरणाऱ्यांची अडचण निराळी. त्यात सहसा चॅनल पकडणारा ट्यूनर नसतो, स्पीकर नसतात किंवा असून नसल्यासारखे असतात. जुन्या मॉनिटरला एचडीसीपी (नक्कल रोखणारी संरक्षण पद्धत) नसेल तर सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर चित्रच येत नाही. अंधारात सिनेमे बघत असाल तर व्हीए प्रकारचं पॅनल घ्या: त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३०००:१ असतो, नेहमीच्या आयपीएस प्रकारच्या पॅनलचा १०००:१ च्या आसपास. मात्र आयपीएस बाजूनंही नीट दिसतं, त्यामुळे घरचे चौघं पसरून बसणार असतील तर मी तेच घेईन. खोक्यावरचा लाखांतला 'डायनॅमिक' कॉन्ट्रास्ट धरू नका. तो बॅकलाइट कमी-जास्त करून मिळवलेला आकडा आहे.

खरेदीला जाताना आपला लॅपटॉप आणि केबल सोबत न्या. बारीक अक्षरांचं एक पान आणि ते निळ्यावरचं लाल वाक्य त्या स्क्रीनवर लावा आणि घरी जेवढ्या अंतरावर बसता तेवढ्यावरून, बसूनच, वाचून बघा.