‘अ डॉल्स हाउस’मधली प्रतीकं रंगमंचावर कशी उभी करावी

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या तीन अंकी नाटकात (१८७९) प्रतीक म्हणून वेगळं ठेवलेलं काहीच नाही. झाड, खाऊ, पत्रपेटी या सगळ्या घरातल्या वापरातल्या वस्तू. म्हणून तालमीआधी चार रकान्यांचा तक्ता करा: वस्तू, अंक, कोणाच्या हातात, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते नुसतं नेपथ्य. त्यात अर्थ कोंबू नका.

ख्रिसमसचं झाड पहिल्या अंकात सजतं आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ओरबाडलेलं, जळून संपलेल्या मेणबत्त्यांसह कोपऱ्यात दिसतं. दोन झाडं ठेवा. एकच झाड घाईत उतरवलं की ते नीटनेटकंच राहतं.

मॅकरूनसाठी (बदामाची गोड बिस्किटं) नायिका नोराच्या पोशाखाला खिसा हवाच; पुडी तिथेच लपते. तुकडे लहान आणि मऊ ठेवा, कोरडा खाऊ पुढच्या वाक्याला घशात अडकतो. ओठ पुसणं मात्र गाळू नका, नवऱ्यापासूनची पहिली लपवाछपवी तिथे दिसते.

पत्रपेटीची किल्ली फक्त हेल्मरकडे, म्हणजे नोराच्या नवऱ्याकडे असते आणि पेटीच्या काचेतून आतलं, नोराचं गुपित फोडणारं पत्र दिसतं. दिवाणखान्याचं दार उघडल्यावर ती प्रेक्षागृहाच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून दिसते का, हे स्वतः बसून तपासा. तिच्यावर लाल झोत टाकू नका. नोराची नजर तिकडे वळणं पुरतं.

सर्वांत जास्त बिघडतो तो टॅरंटेला, नोरा नाचते तो वेगवान इटालियन नाच. विषारी कोळी चावल्यावर विष उतरेपर्यंत नाचायचं, ही त्यामागची लोकसमजूत. नृत्य सफाईदार बसवलं की तीच हरवते. आधी पावलं पक्की करा, मग नोराला पियानोच्या लयीपुढे पळू द्या. हेल्मर थांबवतो, सुधारतो, ती ऐकत नाही. संहितेत तिचे केस सुटतात. अंबाडा मोजक्याच पिनांवर ठेवा आणि तालीम पूर्ण वेगात घ्या, नाहीतर प्रयोगात तो सुटतच नाही.

नोरा घर सोडून जाते तेव्हाचं शेवटचं दार खालून ऐकू येतं. ध्वनिमुद्रण स्पीकरमधून येतं आणि दिशा चुकते. विंगेच्या मागे, शक्यतो रंगमंचाच्या पातळीखाली, चौकटीत बसवलेलं जड लाकडी दार खरंच आपटा. हेल्मरच्या शेवटच्या ओळीतली आशा पूर्ण ऐकू येऊ द्या, मग दार. प्रकाश त्यानंतरच मावळवा; आधी अंधार केलात तर टाळ्या सुरू होतात आणि आवाज त्यात बुडतो.